हजेरी, पास आणि अंगठा

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी पुरतं. पत्ता नीट लिहायचा तर त्यापुढे ‘फ्री कॉलनी’ आणि एक नंबर. आधारकार्डावर, लग्नपत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर हाच पत्ता सर्रास छापलेला असतो. ज्या कायद्याने ही वस्ती वसवली तो देशभरातून रद्द होऊन सत्तरहून अधिक वर्षं झाली, पण पत्ता काही बदलला नाही.

वस्ती इथे असली तरी तिची कागदपत्रं गावोगाव पांगली आहेत. मुंबई सरकार या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याच्या अंमलबजावणीचे वार्षिक अहवाल छापत असे. ते मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहायला मिळतात. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार बराच काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या मिशनच्या मातृसंस्थेचं दप्तर अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. आजोबा कुठल्या साली वसाहतीच्या तारेच्या कुंपणाआत आले हे सोलापूरच्या नातवाला शोधायचं असेल, तर त्याला इंग्रजी तरी चांगलं यायला हवं, नाहीतर प्रवासाला पैसे हवेत. बहुतेक वेळा दोन्ही लागतात.

तुलनेसाठी पाहिलं तर, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या स्थानिक संघटनांची दप्तरं जगात अनेक ठिकाणी जपली गेली आहेत. अमेरिकेत 1920 च्या दशकात ‘कू क्लक्स क्लान’च्या गावोगाव शाखा होत्या. त्यांच्या वर्गणीच्या वह्या, सभासदांच्या याद्या आणि बैठकांची इतिवृत्तं आता तिथल्या ग्रंथालयांत आहेत. त्या कागदांत द्वेष उघडउघड दिसतो, आणि वर्गणी भरून पावतीही घेतो. सोलापूरच्या कागदांत तसं काही आढळत नाही. इथे भाषा सभ्य आहे, हेतू सुधारणेचा आहे, तक्ते नेटके आहेत. वसाहत काही क्लानची शाखा नव्हती, तसं म्हणणं अन्यायाचंच होईल. पण माणूस जन्मानेच कमी प्रतीचा असू शकतो आणि ते कुणी ठरवायचं हेही आधीच ठरलेलं असतं, हा पाया दोन्हीकडे होता. तारखांचा योगायोगही बघण्यासारखा आहे. 1924 साली अमेरिकेने वंशाच्या हिशेबाने परदेशी लोकांना दार लावणारा कायदा केला आणि त्याच साली हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचे विखुरलेले कायदे एकत्र करून नवा कायदा आणला. सोलापुरात काम करणारी मिशनरी मंडळी त्याच अमेरिकेतून आलेली होती, आणि त्यांच्यातली बरीच मनापासून कनवाळू होती.

या कहाणीत घोटाळा कनवाळूपणापाशीच सुरू होतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा 1871 चा, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानापुरता. 1911 साली तो सगळ्या देशासाठी नव्याने झाला आणि मुंबई इलाखा त्यात आला. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग पद्धतशीरपणे बिनजामिनी गुन्हे करतो असं सरकारला ‘वाटलं’ की अधिसूचना काढायची. ती बरोबर की चूक हे विचारायची मुभा कुठल्याही कोर्टाला नव्हती. पुरावा एकेका माणसाविरुद्ध लागतो. इथे तो अख्ख्या जातीला एकदमच चिकटवला गेला.

कुठल्या जातीला काय चिकटवायचं याची पोथी पोलिसांपाशी तयारच होती. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचं गुन्हेगार वर्गांवरचं पुस्तक 1908 सालचं. त्यात जातवार प्रकरणं आहेत: दिसतात कसे, वेश कोणता, आपसांत बोलतात काय, चोरी कशी करतात, माल कुठे खपवतात. छप्परबंद म्हणजे खोटी नाणी पाडणारे, भामटा म्हणजे जत्रेत आणि रेल्वेत हात मारणारा. विंचूकाट्याच्या पुस्तकात जाती-उपजातींचं वर्णन असावं तसा सगळा मामला. याच काळात युरोपात गुन्हेगारीशास्त्रज्ञ लोंब्रोझोचा जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त गाजून गेला होता आणि इकडे ब्रिटिश अधिकारी रिस्ली नाकं मोजून जाती लावत होता. केनेडींच्या पुस्तकाला विज्ञानाचा आव नाही. ते ठाण्यातल्या फौजदारासाठी लिहिलेलं आहे, म्हणून जास्त चाललं.

या लोकांचं पोट कशाने गेलं याला मात्र त्या पोथीत जागा नाही. लमाणांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. 1860 साली रेल्वे सोलापुरात पोचली आणि तो धंदा बसत गेला. जंगलाचे कायदे आले तशी पारध्यांची शिकार गुन्हा ठरू लागली. टोपल्या विणणारे, जनावरं हाकणारे, खेळ करणारे अशा फिरत्या लोकांना गावात जमीन नव्हती आणि पाटलाच्या वहीत नाव नव्हतं. सरकारला ज्याचा पत्ता सापडत नाही, त्याच्यावर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं.

मुंबई इलाख्यात या कायद्याचा चेहरा म्हणजे ओ. एच. बी. स्टार्ट. आयसीएस अधिकारी. विजापूरकडच्या कामातून सुरुवात करून ते वसाहतींचे मुख्य अधिकारी झाले. हुबळी, गदग, विजापूर, बारामती, अंबरनाथ, मुंढवा, होटगी अशी वसाहतींची साखळी उभी राहिली. सोलापूर त्यातलं मोठं ठाणं. मिशनच्या कागदांत त्याचं नाव उमेदपूर. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, भामटा, टकारी, कंजारभाट अशा जातींची कुटुंबं इथे आणून ठेवली होती.

जागा सोलापूरच का, याचं उत्तर गिरण्यांच्या चिमण्यांत आहे. 1870 च्या दशकात सुरू झालेली जुनी मिल, पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरणीला भोंग्यावर येणारी माणसं हवी होती आणि वसाहतीला रोजगार. कामगार रोज ठरल्या वेळी येईल याची हमी सरकारच देत असेल तर मालकाला आणखी काय पाहिजे? वसाहतीची चूल गिरणीच्या पगारावर पेटत होती आणि अहवालात ते ‘प्रामाणिक कष्टाची सवय’ या खात्यात जमा होत होतं. या खात्यावर फक्त गोऱ्यांच्या सह्या होत्या असं नाही. गिरणीमालक, गावचे पाटील, ठाण्याचे फौजदार, तक्रार घेऊन येणारे शेजारी हे सगळे आपलेच लोक होते.

आता त्या यंत्राकडे वळायला हवं ज्यामुळे हे सगळं चालत होतं. त्याला चाकं नव्हती. एक रजिस्टर, एक हजेरी, एक पास, बस एवढंच.

रजिस्टर जिल्ह्याच्या पोलीस सुपरिंटेंडंटच्या ताब्यात. नाव एकदा चढलं की ते काढायला जिल्हा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. ठशांचं वर्गीकरण कलकत्त्यात 1897 च्या सुमारास बसवलं गेलं. एडवर्ड हेन्रीचं नाव त्याला लागलं, पण हिशेब मांडला तो अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. बाकीच्या समाजात ठसे गुन्हा केल्यावर घेत, इथे ते जात कळली की घेतले जात.

मग हजेरी. ठरलेल्या वेळी घंटा व्हायची, माणसं रांगेत उभी राहायची, नावं पुकारली जायची. रात्रीही. आजारी असलं, घरात बाळंतपण असलं, तरी नावाला ‘हजर’ म्हणावंच लागे. वस्तीतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘तारेच्या आत’ आणि ‘हजेरी’ हे दोन शब्द हमखास येतात, बाकी तपशील त्यांच्या मागून येतात.

बाहेर जायचं तर पास. त्यावर नाव, बापाचं नाव, जात, कुठे जायचं, कधी परतायचं. पोचल्यावर त्या गावच्या पाटलाची नाहीतर पोलिसाची नोंद. मेहुणीच्या लग्नाला जाणाऱ्या माणसाला लग्नघरी पोचायच्या आधी चावडी गाठायची. परतीला उशीर झाला तर तो स्वतंत्र गुन्हा. दुसऱ्यांदा ठराविक गुन्ह्यात सापडला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. मुलांचं तर आणखी वेगळं. सहा वर्षांवरच्या आणि अठराच्या आतल्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून शाळेत किंवा कामावर ठेवण्याची तरतूद 1924 च्या कायद्यात आहे. कलम सतरा.

स्टार्ट यांची पद्धत या यंत्राला ढील देत देत पुढे नेण्याची होती. वागणूक चांगली तर हजेरी कमी, आणखी चांगली तर तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत घर. पोलिसांच्या निव्वळ पहाऱ्यापेक्षा हे पुष्कळ माणुसकीचं होतं, यात शंका नाही. शाळा निघाल्या, सहकारी पतपेढ्या निघाल्या, काही मुलं शिकून पुढे गेली. पण ज्याने गुन्हाच केला नाही त्याने ‘सुधारून’ दाखवायचं कसं? अहवालाच्या कुठल्याच तक्त्यात हा प्रश्न येत नाही. फरारी किती, हजर किती, गिरणीत किती, शाळेत किती, सगळं आहे. ‘मुळात इथे का’ असा रकानाच नाही.

याच शहरात मे 1930 मध्ये लोकांनी काही दिवस पोलिसांना पळवून लावलं. 12 मेपासून 30 जूनपर्यंत मार्शल लॉ होता आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. हुतात्म्यांचा तो इतिहास सोलापूर अभिमानाने सांगतं, सांगायलाच हवा. फरक एवढाच, की शहराने संचारबंदी भोगली ती सात आठवडे, आणि गिरण्यांच्या पलीकडे ती पिढ्यांची होती. शहराच्या इतिहासात या दोन गोष्टी क्वचितच एका पानावर येतात.

स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने दलित आणि आदिवासी वर्गांसाठी समिती नेमली. तिचा अहवाल 1930 चा, आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ठक्करबाप्पा, डॉ. सोळंकी ही नावं आहेत. त्यातून ‘मागासवर्ग अधिकारी’ हे पद निघालं आणि त्यावर पहिले बसले ते स्टार्टच. तारेची वसाहत आणि मागासवर्ग कल्याण खातं यांच्यामध्ये एकच खुर्ची होती, हे आजच्या समाजकल्याण कचेरीत फारसं कुणाला माहीत नसेल. 1936 साली नेल्लोरला नेहरूंनी या कायद्यावर कडक टीका केली. पुढे मुंबईत काँग्रेस सरकार आलं आणि क. मा. मुन्शींच्या समितीने 1939 ला अहवाल दिला. मुंबई प्रांतात कायदा 1949 ला गेला, देशात 31 ऑगस्ट 1952 ला. त्या मधल्या काळातली महाराष्ट्रातली एक चौकशी समिती सोलापूरच्याच डॉ. अंत्रोळीकरांच्या नावाने ओळखली जाते.

कायदा गेला, त्यातल्या जाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. त्यात जात नाही, व्यक्ती आहे. प्रत्यक्षात चोरी झाली की फौजदाराची पावलं कुठल्या वस्तीकडे वळतात हे सांगायला अहवाल नको. ‘उचल्या’ लिहिणारे लक्ष्मण गायकवाड, ‘उपरा’ लिहिणारे लक्ष्मण माने यांनी ते घरातून सांगितलं. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके पुढे विमुक्त-भटक्यांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद आणि विमुक्तांविषयीचे जुने उल्लेख घटनाबाह्य ठरवले. म्हणजे केनेडींच्या पोथीची भाषा तोवर नियमांत जिवंत होती.

आणि आता कागदांची खरी अडचण. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला पडताळायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. भटक्या कुळाकडे सातबारा नसतो, जन्माची नोंद नसते. असलीच तर वसाहतीच्या शाळेच्या वहीत आजोबांचं नाव आणि त्यापुढे जात. ज्या नोंदीने आजोबांना हजेरीला उभं केलं, तीच नातवाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला लागते. ही रजिस्टरं जाळून टाका असं म्हणणाऱ्याला या नातवाचा विचार करावा लागेल.

दुसरीकडे, ती संगणकावर चढवून सगळ्यांना खुली करा म्हणणाऱ्यानेही थांबायला हवं. त्यांत ठसे आहेत, खटले आहेत, पळून गेलेल्या बायकांच्या नोंदी आहेत, आणि नातवंडं त्याच गल्लीत राहतात. एखाद्या भाडेकरूचं नाव शोधणाऱ्या घरमालकाला एका बोटावर पणजोबांची शिक्षा दिसावी का? शिवाय नावं साहेबाच्या कानाने लिहिलेली. एकच आडनाव तीन तऱ्हांनी येतं, आणि पडताळणी समिती अक्षराच्या फरकावर अर्ज अडवते.

सोलापुरात 2004 पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. मुंबई, लंडन आणि हॉटनमधल्या प्रती तिथे आणून ठेवणं खर्चाचं असलं तरी अशक्य नाही. वाचायला कुणाला द्यायच्या आणि झाकायचं काय, हे ठरवणाऱ्या समितीत मात्र फ्री कॉलनीतली माणसं बसायला हवीत. आतापर्यंत या कागदांवरचा प्रत्येक निर्णय त्यांना न विचारताच झाला आहे.