हरभऱ्याचे पाइप आणि भट्टीतले अंश

सोयाबीन निघालं की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात हरभऱ्याच्या शेतांवर स्प्रिंकलरचे काळे पाइप पसरतात. हे पाइप एचडीपीईचे, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिएथिलीनचे. त्यांचा टिकाऊपणा बराचसा ठरतो तो रिअ‍ॅक्टरमधल्या तापमानावर. हे गणित हाती यायला अनेक दशकं लागली.

1933 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत पॉलिएथिलीन पहिल्यांदा सापडलं, तेव्हा हजार वातावरणांहून अधिक दाब लागला होता. 1953 मध्ये कार्ल झिग्लर यांनी टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या उत्प्रेरकाने तेच काम साध्या दाबावर करून दाखवलं. 1963 मध्ये जुलिओ नाट्टा यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं आणि 1968 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने एचडीपीईचं उत्पादन सुरू केलं.

दाबाचा प्रश्न सुटला, तरी उष्णतेचा उरला. एक किलो इथिलीनचे रेणू साखळीत जोडले जाऊन पॉलिमर होताना इतकी उष्णता सुटते की तिच्यावर सुमारे दहा लिटर गार पाणी उकळावं. ती वेळीच काढून घेतली नाही तर रिअ‍ॅक्टरमध्ये गठ्ठे धरतात. तापमान वाढलं की साखळीला नवे दुवे जोडण्याचा वेग वाढतो खरा, पण साखळी मधेच थांबून दुसरी सुरू होण्याचा वेग त्याहून जास्त वाढतो. म्हणून साखळ्या आखूड होतात, रेणुभार घटतो आणि वितळलेला माल पातळ वाहतो. साच्यात ओतायच्या वस्तूंना हे चालतं, पाण्याचा दाब सोसणाऱ्या पाइपला नाही.

तापमानानुसार अभिक्रियेचा वेग सांगणारं आऱ्हेनिअस यांचं 1889 चं सूत्र इथे अपुरं पडलं, कारण झिग्लरच्या उत्प्रेरकावर साखळी जिथे वाढते त्या सक्रिय जागा एकाच जातीच्या नसतात. प्रत्येक जात तापमानाला वेगळा प्रतिसाद देते. त्यामुळे पुढच्या मॉडेलांनी प्रत्येक जातीचं गणित स्वतंत्र मांडून मग बेरीज केली. माझ्या मते या क्षेत्रातली खरी झेप हीच. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डब्ल्यू. हार्मन रे यांनी तर उत्प्रेरकाच्या एकेका कणात उष्णता आणि वायू कसे झिरपतात, हेही समीकरणांत आणलं. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. एस. शिवराम यांनी ओलेफिनच्या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केलं.

या समजेतूनच पाइपचा आजचा माल सुधारला. दोन रिअ‍ॅक्टर ओळीने चालवायचे, एकात लांब साखळ्या, दुसऱ्यात आखूड. लांब साखळ्या भेगा रोखतात, आखूड साखळ्यांमुळे माल सहज ओढता येतो.

मात्र अजून एक सांधा कच्चा आहे. साखळीची लांबी मॉडेल बऱ्यापैकी अचूक सांगतं. ती साखळी पुढे उन्हात किती वर्षं टिकेल, हे सांगताना चाचपडतं. पाइपच्या पीई-100 या प्रतीची ताकद 20 अंशांवर 50 वर्षांसाठी मोजलेली असते. 40 अंशांवर पाइपमध्ये चालणारा दाब सुमारे एक चतुर्थांशाने कमी धरावा लागतो, आणि वाशीमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. बांधावर उघड्या पडलेल्या काळ्या पाइपचं अंग तर हवेहूनही जास्त तापतं.