गोदाकाठची सराई

नांदेडास प्रथमच येणाऱ्या परक्या माणसास मुक्कामाची फारशी विवंचना करावी लागत नाही, आणि याचे श्रेय शहरातील लॉजांपेक्षा गोदावरीच्या उत्तर तीरावरील सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्यास आणि त्याच्या आश्रयाने वाढलेल्या यात्री निवासांस द्यावे लागेल. सचखंड एक्सप्रेसने अमृतसरहून आलेले शेतकरी कुटुंब आणि लोहा-अहमदपूरमार्गे लातूरहून एसटीने आलेले एखादे बिगरशीख बिऱ्हाड एकाच खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहते. खिडकीमागचा कारकून नाव, गाव, ओळखपत्र आणि मुक्कामाची मुदत एवढ्याचीच नोंद करतो. जात वा धर्म हा त्याच्या चौकशीचा विषय नसतो.

या औदार्यास इतिहासाचे अधिष्ठान आहे. बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आलेल्या गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली गोदाकाठी मुक्काम केला. येथेच माधोदास बैराग्याचा बंदा बहादूर झाला. आणि 7 ऑक्टोबर रोजी देह ठेवण्यापूर्वी गुरूंनी गुरुगादी व्यक्तीकडे न सोपवता गुरू ग्रंथ साहिब या ग्रंथाकडे सोपवली. म्हणजे ज्या पुरुषामुळे हे गाव तीर्थ झाले, तोच मुळात येथे मुसाफिर होता. पुढे 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंगांनी पंजाबातून द्रव्य व कारागीर पाठवून अंत्यसंस्काराच्या त्या जागी आजची वास्तू उभारली. मुलूख निजामाचा होता, परंतु हैदराबादच्या दरबारात कारभार पाहणारे महाराजा चंदूलाल हे नानकपंथी घराण्यातले असल्याने या कामास राजाश्रयाची अडचण पडली नाही. त्या काळात उत्तरेतून आलेल्या शिपायांपैकी व कारागिरांपैकी कित्येकांनी येथेच घरे केली, आणि त्यांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. पाहुणे म्हणून आलेल्यांची संतती यजमान होऊन बसल्याचे हे उदाहरण मराठवाड्याच्या इतिहासात ठळक आहे.

सराईत राहणाऱ्याने पहाटेचा एक विधी अवश्य पाहावा. गागरिया सिंघ म्हणून नेमलेला सेवक गोदावरीवरून पाण्याची गागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचे स्थान धुतले जाते. शेकडो वर्षांची परंपरा, बांधीव घाट, नळाची सर्व सोय, आणि तरीही एका माणसाच्या खांद्यावरून नदी देवडीपर्यंत येते, हे दृश्य पाहिल्यावर येथील सेवेची कल्पना व्याख्यानावाचून समजते. लंगरात, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या विनामूल्य पंगतीत, तर तिचा प्रत्यय हाताला येतो: जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर शेजारी कोण बसले आहे याची फिकीर न करता मांडी घालावी, पुढे आलेल्या वाढप्याकडे दोन्ही हातांची ओंजळ करावी, आणि तव्यावरची गरम पोळी तीत पडली की ती ताटात ठेवून डाळीची वाट पाहावी. एका हाताने मागण्याची येथे रीत नाही. घेणाऱ्यालाही नम्रतेचा अल्पसा सराव करावा लागतो.

परंतु ‘सर्वांस दार मोकळे’ या वचनाची हद्द कोठवर, हा प्रश्न विचारण्याचे धैर्यही दाखवले पाहिजे. समलिंगी जोडप्यांचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर प्रॉव्हिन्सटाउन नावाचे एक जुने मासेमारी बंदर आहे. तेथील जहाजमालकांच्या लाकडी घरांची अतिथिगृहे झाली आणि समलिंगी प्रवासी तेथे उघडपणे जोडीने उतरतात. याउलट आपल्या जिल्ह्याच्या गावी दोन पुरुषांनी मित्र म्हणून खोली मागितली, तर सहसा कोणी भुवई उंचावत नाही. हरकत उद्भवते ती नात्याचे नाव उच्चारल्यावर. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील फौजदारी कलंक दूर केला, तरी लॉजच्या गल्ल्यावर बसणाऱ्याची नजर न्यायनिर्णयाने बदलत नाही. धर्मसंस्थेची भूमिका तर आणखी सावध: शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ असलेल्या अकाल तख्ताने समलिंगी विवाहास विरोध दर्शवला आहे. तेव्हा नांदेडची सराई ही त्या अर्थाने मोकळी आहे असे म्हणणे सत्याचा अपलाप ठरेल. न विचारल्यामुळे माणसास रात्रीपुरते संरक्षण मिळते; पण विचारले असता निःशंकपणे उत्तर देता यावे, ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती अद्याप चढायची आहे.

तरीही पहिल्या पायरीचे मोल कमी नाही. 1956 च्या हैदराबाद राज्याच्या कायद्याने गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी बोर्ड स्थापन झाले. 2008 साली गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त रस्ते, घाट व निवासव्यवस्था यांचा मोठा विस्तार झाला. विमानतळासही गुरूंचेच नाव मिळाले. इतका पसारा वाढूनही गरिबाला परवडेल अशी खोली आणि विनामूल्य ताट या दोन गोष्टी हिशेबाच्या वहीतून खोडल्या गेल्या नाहीत. ज्या समाजाने जातीची विचारणा दाराबाहेर ठेवण्याचा सराव पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यास आणखी एखादी विचारणा बाहेर ठेवणे अशक्य नसावे. नियम तोच आहे, त्याचा अंमल मात्र पुढच्या मुसाफिरापर्यंत पोचवायचा आहे.