कांद्याचा पैसा आणि जिवाचा घोर

देवळा तालुक्यात घरखर्चाचा हिशेब महिन्यावर नाही, कांद्यावर चालतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरायचा आणि भावाची वाट पाहायची. उमराण्याच्या बाजार समितीत ट्रॅक्टर रिकामा झाला, की हिशेबपट्टीवर मोठी रक्कम दिसते. पुढे कित्येक महिने काहीच येत नाही. ती रक्कम किती असेल हेही शेतकऱ्याच्या हाती नसते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी घातली. मे २०२४ मध्ये ती उठली, तरी ४० टक्के निर्यात शुल्क लागलेच. ते पूर्णपणे हटले १ एप्रिल २०२५ ला.

अशा कमाईने झोप उडते, घरात चिडचिड होते. मग ‘याला व्यवहार कळत नाही’ असा शेराही मिळतो. तो अन्यायाचा आहे.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घातली. चणचणीच्या दिवसांत त्यांना ती स्पष्टपणे कमी सुटली. माणसे तीच होती. काळजीने डोके व्यापले होते.

म्हणूनच पैशाचे मोठे निर्णय हाती पैसा असतानाच घ्यायला हवेत. पट्टी मिळाली त्याच आठवड्यात आधी महागडे देणे फेडावे: हातउसने, कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकार. पीककर्जाची तारीख चुकवू नये. किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज असते आणि वेळेवर फेडल्यास ३ टक्के सवलत मिळते. पुढच्या लागवडीचे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत. उरलेली रक्कम पुढची पट्टी येईपर्यंतच्या महिन्यांत वाटावी. जेमतेम भाव मिळालेल्या वर्षी ही वाटणी फार तोकडी पडते, हे खरे. पण कमी पैशाला हिशेब जास्त लागतो.

हा हिशेब एकट्याने करू नये. कर्जाचा आकडा बायकोपासून लपवणारे कर्ते पुरुष गावोगाव आहेत, आणि तिथेच घोर वाढतो. खरे तर बचत गटाची वही सांभाळणाऱ्या त्याच घरातल्या बाईला हप्ता, व्याज आणि थकबाकी चांगली कळते. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून लाखो बायका हे व्यवहार करत आल्या आहेत. घरातली वहीही तिच्यासमोर उघडी असावी.

देणे सावकाराचे असेल, तर हेही ठाऊक असावे: परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. आणि विचार थांबत नसतील, जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. हा क्रमांक चाळीच्या दारावर लिहून ठेवा.