छत्र्यांची जुगलबंदी

मे महिन्यात छत्री काय कामाची? आपल्याकडे ती माळ्यावर पडलेली असते आणि सात जूनच्या सुमारास धूळ झटकून खाली येते. पण केरळातल्या त्रिशूर गावी ऐन वैशाखात शेकडो छत्र्या बाहेर निघतात. तांबड्या, जांभळ्या, पोपटी, जरीच्या, झालरींच्या. त्या पावसासाठी नसतात, उन्हासाठीही नसतात. हत्तीच्या पाठीवर उभं राहून समोरच्याला दाखवण्यासाठी असतात! या छत्र्यांच्या सामन्याला म्हणतात कुडमाट्टम. ‘कुडा’ म्हणजे छत्री आणि ‘माट्टम’ म्हणजे बदल. आणि ज्या उत्सवात हा सामना होतो, ते त्रिशूरचं सुप्रसिद्ध पूरम.

२०२५ साली पूरम ६ मे रोजी होतं. डोंबिवलीला माझ्याबरोबर एका बाकावर बसलेला एक मित्र आता त्रिशूरजवळ आपल्या गावी स्थायिक झाला आहे. शाळेत असताना दर मे महिन्यात तो ‘गावाला’ जायचा आणि जूनमध्ये परत आला की आठवडाभर हत्तींच्या गोष्टी सांगायचा. आम्हाला वाटायचं, थापा मारतो. त्याच्या थापा खऱ्या की खोट्या, हे बघायला मी नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसलो.

ही गाडी कुर्ल्याच्या टर्मिनसवरून सुटते आणि कोकण रेल्वेने खाली जाते. तिच्यात निम्मी मुंबई ‘गावाला’ निघालेली असते. फरक इतकाच, की रत्नागिरी-कुडाळची मंडळी उतरली की उरलेल्या डब्यात मराठी हळूहळू कमी होत मल्याळम वाढत जातं.

मित्राच्या घरी पोचल्यावर पहिल्यांदा हातात पडलं ते संभारम. म्हणजे आलं, हिरवी मिरची आणि कढीपत्ता ठेचून घातलेलं पातळ ताक. त्याच्या आईला सगळे अम्मा म्हणतात, मीही लहानपणापासून तेच म्हणतो. त्यांनी तीस वर्षं डोंबिवलीत काढलेली, त्यामुळे विचारपूस अस्सल मराठीत. “किती वाळलायस रे! बायको जेवायला घालत नाही का?” घरात आठवीतली एक मुलगीही आहे, मित्राची. तिचं मराठी मात्र बेताचं. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी गावाची रचना समजून घ्या, म्हणजे पूरम कळेल. त्रिशूरच्या मधोमध एक टेकाड आहे आणि त्यावर वडक्कुन्नाथन, म्हणजे शंकराचं जुनं देऊळ. देवळाभोवती चारी बाजूंनी तेक्किनकाड मैदान. तेक्किनकाड म्हणजे सागाचं रान. इथे पूर्वी खरोखरच रान होतं. आणि मैदानाला वळसा घालणारा गोल रस्ता म्हणजे स्वराज राउंड. पूरमच्या दिवशी हा रस्ता गाड्यांना बंद. तिथे फक्त माणसं आणि हत्ती.

पूरम हे एका नक्षत्राचं नाव. आपल्या पंचांगातली पूर्वा. सूर्य मेष राशीत असताना, म्हणजे मल्याळी मेडम महिन्यात, चंद्र ज्या दिवशी या नक्षत्रात असतो तो पूरमचा दिवस. त्रिशूरचं पूरम फार प्राचीन नाही बरं का! अठराव्या शतकाच्या अखेरीस कोचीच्या गादीवर शक्तन तंपुरान नावाचा राजा होता. १७९० ते १८०५ हा त्याच्या राज्याचा काळ. तेव्हा या भागातलं मोठं पूरम आराट्टुपुळा या गावी भरायचं आणि त्रिशूरची देवळं आपापले हत्ती घेऊन तिकडे जायची. एका वर्षी म्हणे जोराचा पाऊस झाला, त्रिशूरच्या मंडळींना पोचायला उशीर झाला आणि यजमानांनी त्यांना आत घेतलंच नाही. मंडळी रडवेली होऊन राजाकडे गेली. राजा म्हणाला, ठीक आहे, आपण आपल्याच गावात पूरम करू. गोष्ट लोक अशी सांगतात. उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं राहिलेल्या मुलांनी स्वतःची शाळाच काढावी, तसला प्रकार!

राजा मोठा हुशार. त्याने दहा देवळांना एकत्र आणलं, पण त्यातल्या दोन मोठ्या देवळांना समोरासमोर उभं केलं. एक पारमेक्काव, दुसरं तिरुवंबाडी. दोन्हींचा मान देवीकडे. गावाचेही दोन भाग पडले. या बाजूला जन्मलात तर पारमेक्कावचे, त्या बाजूला तर तिरुवंबाडीचे. अम्मांचं माहेर पारमेक्कावकडचं आणि सासर तिरुवंबाडीकडचं. “मग तुम्ही कुणाच्या?” असं मी विचारलं, तर त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, “जेवण होईपर्यंत तिरुवंबाडीची.”

सकाळी सर्वांत आधी येतो कणिमंगलमचा शास्ता. त्याला ऊन आणि दव दोन्ही सोसत नाही, अशी समजूत आहे. म्हणून तो उजाडता उजाडता येऊन वडक्कुन्नाथनला भेटतो. मग एकामागून एक लहान देवळांचे हत्ती, वाजंत्री, माणसांचे लोंढे. वडक्कुन्नाथन स्वतः कुठेच जात नाही. तो यजमान. सगळे त्याला भेटायला येतात आणि तो घरीच बसून असतो, आपल्याकडच्या वयोवृद्ध आजोबांसारखा.

अकरानंतर तिरुवंबाडीची मिरवणूक निघाली. तिच्याबरोबर पंचवाद्यम असतं. तिमिला, मद्दळम, इडक्का ही तीन चामड्याची वाद्यं, इलत्ताळम ही जाड झांज आणि कोंबू हे अर्धगोल वाकडं शिंग. आपली तुतारी आठवली ना? तीच जात. ऊन डोक्यावर, अंगाला अंग घासत होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या. पण वादक इतके शांत, की जणू घरच्या पडवीत बसून वाजवताहेत.

दुपारी मात्र जे ऐकलं, ते सांगायला शब्द अपुरे पडतात. वडक्कुन्नाथनच्या आवारात पारमेक्कावचे वादक जमतात. तिथे एक इलंजीचं झाड आहे. इलंजी म्हणजे आपली बकुळ! या झाडाखालचं वादन म्हणून त्याचं नाव इलंजित्तरा मेळम. दोनशेहून जास्त वादक. खांद्याला अडकवलेले चेंडा, झांजा, शिंगं आणि सनईची धाकटी बहीण शोभेल असं कुरुंकुळल. सुरुवातीला अगदी संथ. मला तर वाटलं, एवढं नाव ऐकलं ते हेच का? मग तालाचं आवर्तन लहान होत जातं, लय चढत जाते. शेवटी सात मात्रांचा असा काही धडाका सुरू होतो, की आजूबाजूचे हजारो हात आपोआप वर जातात आणि तालावर हलू लागतात. बँकेत काम करणारे वाटावेत असे चष्मेवाले गृहस्थसुद्धा टाचा उंचावून हात हलवत होते. अडीच तास! आपल्या ढोल-ताशा पथकातल्या मुलांनी हे एकदा जरूर ऐकावं. मोठ्याने वाजवणं आणि चढवत नेणं यांत काय फरक आहे, ते तिथे कळतं. पेरुवनम कुट्टन मारार या वादकाने १९९९ पासून जवळजवळ दोन तपं या मेळमचं नेतृत्व केलं. मेळम चालू असताना ते नुसती मान वळवायचे आणि दोनशे माणसं ओळखायची, आता पुढची पायरी.

आणि मग संध्याकाळी त्या छत्र्या. देवळाच्या दक्षिण दरवाजासमोर पारमेक्कावचे पंधरा हत्ती एका रांगेत आणि त्यांच्यासमोर तिरुवंबाडीचे पंधरा. प्रत्येकाच्या कपाळावर सोनेरी नेट्टिपट्टम, पाठीवर माणसं. कुणाच्या हातात मोरपिसांचे आलवट्टम, कुणाच्या हातात पांढऱ्या चवऱ्या, एकाकडे छत्री. मधल्या हत्तीवर देवीची मूर्ती. एका बाजूने पंधराच्या पंधरा लाल छत्र्या मिटल्या आणि क्षणात निळ्या उघडल्या. गर्दीचा “हो...!” असा आवाज. लगेच समोरून हिरव्या. मग याच्याकडून तीन मजली, तर त्याच्याकडून देवांच्या आकृत्यांच्या. एकेका बाजूचे चाळीस-पन्नास संच. हे संच वर्षभर गुप्तपणे शिवतात. कुठला रंग, कुठली झालर, शेवटची छत्री कोणती, यांतलं समोरच्याला काही कळू द्यायचं नाही.

मी मित्राला विचारलं, “निकाल कधी लागतो?”

“कसला निकाल?”

“अरे, कोण जिंकलं ते!”

तो हसला. “निकाल लावायला आहे कोण? पंचच नाही. आणि लागला ना, तर पुढच्या वर्षी हरलेला येईल का?”

मी तरी इतकी वर्षं चाललेला बिननिकालाचा सामना दुसरा पाहिलेला नाही. घरी गेल्यावर रात्रभर दोन्ही बाजूंचे लोक भांडतात, की आमचीच शेवटची छत्री भारी होती. तेवढाच काय तो निकाल.

आता मित्राच्या मुलीबद्दल. सगळे छत्र्या बघत होते, तेव्हा ती हत्तींचे पाय बघत होती. रस्ता तापलेला असतो म्हणून हत्तींच्या पायांखाली ओली गोणपाटं टाकतात, अंगावर पाणी मारतात. हत्तीला माणसासारखा घाम येत नाही, त्याच्या घामाच्या ग्रंथी फक्त नखांजवळ असतात. अंगातली उष्णता तो कान हलवून बाहेर टाकतो. कानात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते वाऱ्याने गार होतं. हे सगळं ती मला अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सांगत होती. “काका, त्या चौथ्याचे कान बघा. थांबतच नाहीत.” मी बघितलं. खरंच थांबत नव्हते.

रात्री घरी याच्यावरून चांगलीच जुंपली. मित्राचं म्हणणं, हत्तीशिवाय पूरम म्हणजे विठ्ठलाशिवाय पंढरपूर. उत्सवाआधी डॉक्टर प्रत्येक हत्तीला तपासतात, माजावर आलेल्याला आणत नाहीत. मुलीचं म्हणणं, तपासतात ते ठीक, पण त्याला विचारतं कोण? तिने मला एक माहिती दिली. त्रिशूर जिल्ह्यातल्याच इरिंजाडप्पिळ्ळीच्या श्रीकृष्ण मंदिरात २०२३ च्या फेब्रुवारीत एक यांत्रिक हत्ती आला. उंची साडेदहा फूट, वजन सुमारे आठशे किलो. विजेवर कान, सोंड, शेपटी हलवतो आणि पाठीवर माणसंही घेतो. “तो गर्दीला घाबरत नाही,” ती म्हणाली. “पण अगं, तो आपल्याकडे बघतही नाही ना,” तिचे बाबा म्हणाले. रानातून हत्ती धरायला आता बंदी आहे, त्यामुळे पाळीव हत्ती वर्षावर्षाला कमीच होत जाणार. म्हणजे हा वाद काही तिच्या घरापुरता नाही.

मला विचाराल तर मला छत्र्या आवडल्या आणि तिचं म्हणणंही पटलं. त्या पंधरांतला चौथा हत्ती अजून डोळ्यांसमोर येतो.

पहाटे तीनच्या सुमारास आतषबाजी. आम्ही ती लांबूनच, गच्चीवरून बघितली, आणि तेच बरं. एवढ्या अंतरावरूनही आवाज कानात नव्हे, छातीत वाजत होता. केरळातल्याच कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ रोजी आतषबाजीच्या साठ्याचा स्फोट होऊन शंभरहून जास्त माणसं दगावली. तेव्हापासून नियम पुष्कळ कडक झाले. अम्मा आवाज सुरू होताच आत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थोडं वादन, थोड्या छत्र्या. याला पकल पूरम म्हणतात, दिवसाचं पूरम. आदल्या दिवशी आलेली बाहेरगावची गर्दी गेलेली असते, हे खास गावकऱ्यांचं. बायका-मुलं निवांत येऊन उभी राहतात. दुपारी दोन्ही देव्यांचे हत्ती वडक्कुन्नाथनसमोर एकमेकांपुढे येतात. काल रात्रीपर्यंत एकमेकांवर कुरघोडी करणारे ते दोघे सोंडा उंचावतात. हा निरोप. काही क्षण कुणी बोलत नाही. मित्राची मुलगी हत्तींवर चिडलेली कधीच नव्हती, तीही टाचा उंच करून बघत होती.

मग एक हत्ती एका वाटेने, दुसरा दुसऱ्या वाटेने. आणि लोक पूरम कंजी प्यायला. कंजी म्हणजे आपली कोकणातली पेज, लाल तांदळाची, गरम गरम. मी दोनदा घेतली. मित्र म्हणाला, “बस झाली, गाडी संध्याकाळी आहे.” पण अम्मांनी तिसऱ्यांदा वाढली.