भोपळ्याचे फळ कशाने गळते?

परसात भोपळ्याचा वेल चढला की घराला शोभा येते. थाळीएवढी पाने होतात. सकाळी पिवळीधमक फुले उमलतात. एखाद्या फुलाच्या बुडाशी सुपारीएवढे हिरवे फळ दिसते. घरची मंडळी रोज जाऊन बघतात. आणि चार दिवसांनी ते फळ पिवळे पडते, गळून जाते.

मग बोलणे सुरू होते. कुणी म्हणते, पोराने फळाला बोट दाखवले म्हणून कुजले. कुणी म्हणते, शेजारणीची नजर लागली. कुठे तर सुनेला ऐकून घ्यावे लागते. म्हणे, नको त्या दिवसांत वेलाजवळ गेलीस! वेल आपला गप्प असतो. दोष मात्र माणसाच्या माथी येतो.

आम्ही सांगतो, यात ना बोटाचा दोष, ना नजरेचा, ना सुनेचा. फळ गळते त्याचे कारण फुलात आहे. ते नीट समजून घेऊ.

लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात. एक नर, दुसरे मादी. नर फूल लांब, बारीक देठावर उभे असते. त्याच्या पोटात मधोमध एक दांडी असते. तिला बोट लावले की पिवळी भुकटी लागते. या भुकटीला पराग म्हणतात. मादी फुलाचा देठ आखूड आणि जाड. फुलाच्या खाली लहानसा गोळा असतो. तोच पुढे भोपळा व्हायचा. पण नर फुलाची भुकटी मादी फुलाच्या आत पोचली तरच! नाही पोचली, तर वेल त्या गोळ्याला पोसत नाही. तो पिवळा पडून गळतो.

ही भुकटी जड आणि चिकट असते. वाऱ्याने उडत नाही. ती नेण्याचे काम मधमाशी करते. मधाच्या ओढीने ती या फुलातून त्या फुलात जाते, तिच्या अंगाला भुकटी चिकटते, आणि काम होऊन जाते. पण मादी फूल उमलते एकच दिवस. पहाटे उघडते, ऊन चढले की मिटते. तेवढ्या वेळात माशी आली तर आली. आता आपल्याकडचा पावसाळा आठवा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढात पहाटेपासून झड लागली की माशी पोळ्याबाहेर पडत नाही. फुलात पाणी साचून भुकटीही वाया जाते. शहरात आणखी एक अडचण. कल्याण-डोंबिवलीची महापालिका १९८३ साली झाली. तेव्हापासून घरे दाटत गेली, झाडझाडोरा कमी झाला. जिथे फुले कमी, तिथे माश्याही कमी.

मग उपाय काय? माशीचे काम आपण करायचे. सोपे आहे. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान वेलाजवळ जा. ताजे उमललेले नर फूल देठासकट खुडा. त्याच्या पाकळ्या काढून टाका. मधली दांडी मादी फुलाच्या आतल्या बोंडावर हलकेच फिरवा. सगळीकडून लागली पाहिजे. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. पाऊस पडणार असे वाटले तर आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळ्यांची टोके सैल दोऱ्याने बांधून ठेवा. उद्या फुलणारी कळी टोकाला पिवळी दिसते. सकाळी दोरा सोडा, भुकटी लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. म्हणजे आत पाणी जात नाही.

आमच्या शब्दावर जाऊ नका. करून बघा. एका मादी फुलाला अशी भुकटी लावा आणि देठाला रंगीत चिंधी बांधा. दुसरे मादी फूल उमलण्याआधीच बांधून ठेवा, त्याला भुकटी लावू नका. मग दोन्हींना खुशाल बोट दाखवा. आठ दिवसांनी कुठले फळ वाढते आणि कुठले गळते ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. सासूबाईंनाही.

पहिली आलेली फुले गळली म्हणून मात्र घाबरू नये. आधी नुसती नर फुलेच येतात. मादी फुले आठ-पंधरा दिवस मागाहून येतात. जास्तीच्या नर फुलांची भजी करा, फार चवदार होतात. चार-सहा फुले वेलावर राहू द्या म्हणजे झाले.

आता लागवडीचे थोडे. मृगाचा पाऊस पडला की बी लावावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतही लावता येते. त्या हंगामात माशाही भरपूर असतात, फळ चांगले धरते. हातभर खोल, हातभर रुंद खड्डा घ्या. त्यात दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि माती मिसळून भरा. पावसाळ्यात खड्ड्याची माती भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा. पाणी साचले की मूळ कुजते. तीन-चार बिया टोचा. आठवड्यात उगवतात. त्यांतली दोन जोमदार रोपे ठेवा. एका घराला एवढे वेल पुष्कळ झाले. चाळीत राहणाऱ्यांनी जुने पिंप घ्यावे, बुडाला भोके पाडावी. वेल मांडवावर किंवा छपरावर चढवावा. आपल्या पावसात जमिनीवरचे फळ चिखलात सडते. मांडवावरचे फळ मोठे झाले की जुन्या लुगड्याच्या झोळीत धरावे. पत्र्यावर असेल तर खाली पेंढा घालावा. गटाराचे किंवा कारखान्याकडून येणाऱ्या नाल्याचे पाणी वेलाला कधीही घालू नये. भाजी आपल्याच पोटात जायची आहे.

पाने खाणारे तांबडे भुंगेरे रोप लहान असताना येतात. सकाळी ते सुस्त असतात. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे. औषध मारायची वेळ आलीच तर संध्याकाळी मारा. सकाळी मारले तर मधमाश्या मरतात आणि पुन्हा फळ धरत नाही.

भुकटी लागूनही फळ कुजते, असेही होते. असे फळ फोडून बघा. आत पांढऱ्या अळ्या दिसतील. हे फळमाशीचे काम. ही मधमाशी नव्हे बरं का! ही कोवळ्या फळाला टोचा मारून आत अंडी घालते. म्हणून फळ लिंबाएवढे झाले की त्याला पातळ कापडाची सैल पिशवी बांधावी. किडकी फळे उकिरड्यावर फेकू नयेत. त्यातून पुन्हा माशा निघतात. हातभर खोल पुरावी. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का सूर्यमुखी’ नावाचे वाण आहे. त्याचे फळ किलोभराचे, लहान घराला बेताचे. फळमाशीचा त्रासही त्याला कमी होतो. बी मिळाले तर जरूर लावून बघा.

बी लावल्यापासून साधारण चार महिन्यांत फळ पिकते. देठ सुकून लाकडासारखा होतो, सालीत नख रुतत नाही. मग टीचभर देठ ठेवून फळ कापावे. देठ मोडला तर तिथून कूज शिरते. कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवलेला पक्का भोपळा तीन-चार महिने टिकतो. आत केशरी रंग असतो, त्यापासून आपल्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. ते डोळ्यांना हवे असते. लहान मुलांना तर फारच. तेलाची फोडणी दिलेली भाजी त्यासाठी चांगली. ऋषिपंचमीच्या भाजीत भोपळा लागतोच, आणि घारगे तर मुले मागून खातात. अख्खा भोपळा बाईने फोडू नये असेही काही घरांत मानतात. साल कठीण असते, कोयता घसरतो. एवढी काळजी घ्यावी, मग तो कुणीही फोडावा. फोड चाखून कडू लागली तर मात्र तो भोपळा खाऊ नये, टाकून द्यावा. तो बाधतो.

बी धरायचे तर पूर्ण पिकलेल्या, चवीला गोड अशा फळाचे धरा. धुऊन राख लावा, सावलीत खडखडीत वाळवा, कोरड्या बाटलीत भरा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा. कुठल्या वेलाचे, किती वजनाच्या फळाचे, कोणत्या महिन्यात काढले, ते आपल्या हाताने लिहा.