संध्याकाळचा स्पॅनिश गट

बारा वर्षांची मुलगी वडिलांना घेऊन दवाखान्यात येते. वडिलांना इंग्रजी येत नाही, डॉक्टरांना स्पॅनिश येत नाही. डॉक्टर विचारतात, रोज किती पिता? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घरात कधी कुणावर हात उचललाय का? प्रत्येक प्रश्न मुलीच्या तोंडून वडिलांपर्यंत जातो आणि उत्तरही तिच्याच तोंडून परत येतं. वडील म्हणतात, कधीमधी, शनिवार-रविवार. खरं काय ते मुलीला ठाऊक असतं, पण ती वडिलांनी सांगितलं तेवढंच सांगते. केसपेपरवर नोंद होते, पिण्याचं प्रमाण कमी. मग डॉक्टर सहज सांगून टाकतात, तेवढीही बंद करा. रोज भरपूर पिणाऱ्याने अशी एकाएकी दारू तोडली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

अमेरिकेत स्थलांतरितांच्या घराघरांत मुलांनी हे काम केलेलं आहे. आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खाली २०१६ साली नियम आले आणि अगदी तातडीचा प्रसंग वगळता अज्ञान मुलाला दुभाषा म्हणून वापरायला मनाई झाली. चांगलंच झालं. पण मुलीला बाजूला करून फोनवरचा दुभाषा आणला, म्हणून व्यसनाचा उपचार होऊ लागला असं नाही. मोडलेल्या हाडाला फोनवरचा दुभाषा पुरतो. कुठे दुखतं, कधी पडलात, कसली ॲलर्जी आहे, एवढं कळलं की पुढचं काम एक्स-रे आणि प्लास्टर करतं. व्यसनमुक्तीत बोलणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो. दहा-बारा जण गोल करून बसलेले असतात. एक जण मुलाच्या वाढदिवसाला आपण काय घोळ घातला ते सांगतो. समोरचा मान डोलावतो, तिसरा हसतो, कारण त्याच्याही घरी तेच झालेलं असतं. दुभाषा ते कानात कुजबुजून सांगेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. ज्याला भाषा येत नाही तो गटात बसूनही एकटाच राहतो, आणि तीन-चार आठवड्यांनी यायचा बंद होतो.

म्हणून खऱ्या अर्थाने द्विभाषिक केंद्र वेगळं असतं. तिथला समुपदेशक स्वतः स्पॅनिशमध्ये विचार करतो, रागावतो, समजूत घालतो; आणि तोच माणूस दुपारी इंग्रजीत कोर्टाला पत्र लिहितो, विमा कंपनीशी फोनवर भांडतो, प्रोबेशन अधिकाऱ्याला हजेरी कळवतो. पेशंटचं जगणं एका भाषेत चालतं आणि त्याच्यावर सत्ता चालवणाऱ्या यंत्रणेचा कारभार दुसऱ्या भाषेत. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातली 'कासा एस्पेरान्सा' ही संस्था १९८४ पासून असं काम करते आहे. तिच्याकडे निवासी केंद्रं आहेत, तशीच बाह्यरुग्ण सेवाही आहे.

बाह्यरुग्ण म्हणजे पेशंट रात्री आपल्या घरी झोपतो. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की महिना-सव्वा महिना भरती राहणं डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत बहुसंख्य लोकांचा उपचार भरती न होताच होतो. आठवड्याला नऊ तासांहून कमी असेल तर तो साधा बाह्यरुग्ण उपचार, नऊ किंवा अधिक तास असले की सघन. सघन उपचार बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या तीन संध्याकाळी, तीन-तीन तास असा बसवतात. बांधकामावर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात राबणाऱ्या माणसाला महिनाभर रजा कोण देणार? भाडं थकतं, गावी पाठवायचे पैसे थांबतात. त्याच्यासाठी संध्याकाळचा गट एवढाच मार्ग उरतो, आणि तिथेही ओव्हरटाइम आला की गट बुडतो. ब्रेंडन सलोनर आणि बेंजामिन कुक यांनी २०१३ साली दाखवून दिलं, की गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पेशंटांचा उपचार अर्धवट सुटण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि या तफावतीचा मोठा भाग बेकारी आणि घराची अस्थिरता यांतून येतो. लॅटिनोंना उपचाराची कदर नाही असं म्हणणाऱ्यांनी हे समोर ठेवावं. भाषेची सोय झाली तरी गटाची वेळ कामाच्या पाळीत बसत नसेल, तर ती सोय कागदावरच राहते.

औषधालाही भाषा लागते. हेरॉइन, फेंटॅनिलसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावर ब्यूप्रेनॉर्फिन हे उत्तम औषध आहे. ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना पूर्वी वेगळी परवानगी लागायची, ती अट २०२२ च्या डिसेंबरात रद्द झाली. पण त्याची पहिली मात्रा वेळेआधी घेतली, तर नशा तुटल्यावरची तगमग, जिला आपले गर्दचे व्यसनी 'टर्की' म्हणतात, ती एका झटक्यात, भयंकर रूपात उभी राहते. म्हणून पेशंटला नीट समजावावं लागतं, की शेवटच्या डोसनंतर बारा ते चोवीस तास थांब, फेंटॅनिल असेल तर कदाचित आणखी. जांभया येतील, नाक वाहील, अंगावर काटा येईल, पोटात कळा येतील. ही लक्षणं दिसली की गोळी जिभेखाली ठेव, गिळू नकोस. हे अर्धवट समजलेला माणूस पहिल्याच दिवशी तळमळतो, औषधाला विष समजतो आणि ओळखीच्या चार जणांना तसंच सांगतो. एका चुकीच्या सुरुवातीने आख्खी गल्ली उपचारापासून तुटू शकते.

स्पॅनिशमधून चालणाऱ्या या व्यसनोपचाराची मुळं न्यूयॉर्कमध्ये सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिको बेटावरून हजारो कुटुंबं ईस्ट हार्लेम आणि साउथ ब्राँक्समध्ये आली. ती परदेशी नव्हती, १९१७ पासून पोर्तो रिकोचे लोक अमेरिकेचे नागरिक आहेत; भाषा मात्र स्पॅनिश. पुढे त्याच वस्त्यांत हेरॉइन पसरलं. १९६० च्या दशकाच्या मध्यात याच शहरात डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मारी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन या औषधाचा उपचार उभा केला. साउथ ब्राँक्सचं लिंकन हॉस्पिटल मात्र तेव्हा मोडकळीला आलेलं होतं. १४ जुलै १९७० रोजी 'यंग लॉर्ड्स' या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने त्याच्या इमारतीचा काही तास ताबा घेतला. वस्तीला चांगली आरोग्यसेवा मिळावी ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी इतर संघटनांना बरोबर घेऊन हॉस्पिटलच्या जागेत व्यसनमुक्ती केंद्रच सुरू केलं. लोक त्याला 'लिंकन डिटॉक्स' म्हणत. तिथे काम करणारे अनेक जण स्वतः हेरॉइनमधून बाहेर आलेले, त्याच गल्ल्यांत वाढलेले होते. मेथाडोनची मात्रा कमी कमी करत नेणं, राजकीय शिक्षणाचे वर्ग आणि पुढे कानाच्या पाच बिंदूंवर सुया टोचण्याचं ॲक्युपंक्चर, असं सगळं तिथे चालायचं. १९७८ मध्ये शहर प्रशासनाने ते जुनं केंद्र मोडलं, पण सुयांची पद्धत जगभर गेली. त्या सुयांचं यश पुढच्या चाचण्यांत फारसं टिकलं नाही. २००२ साली सहाशेहून अधिक कोकेन-व्यसनींवर झालेल्या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. तरीही लिंकनचं महत्त्व मला कमी वाटत नाही. तोवर ज्यांना दारातच अडवलं जायचं, त्यांना तिथे त्यांच्या भाषेत 'या, बसा' म्हणणारं माणूस भेटलं.

पुढे संशोधनही झालं. २००९ साली कॅथलीन कॅरोल आणि सहकाऱ्यांनी पाच बाह्यरुग्ण केंद्रांतल्या ४०५ स्पॅनिशभाषक पेशंटांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना पेशंटची स्वतःची इच्छा जागवणाऱ्या खास पद्धतीचं समुपदेशन मिळालं, निम्म्यांना नेहमीचं, दोन्ही स्पॅनिशमध्येच. दोन्ही गटांत नशेचं प्रमाण घटलं. खास पद्धतीचा थोडा जास्त फायदा दिसला तो मुख्यतः दारूचं व्यसन असलेल्यांना. स्पॅनिश विरुद्ध इंग्रजी अशी ही तुलना नव्हती, त्यामुळे भाषेमुळे गुण आला असा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही. पण केंद्रांनी पद्धतींच्या वादात फार न अडकता आधी माणसाच्या भाषेत काम सुरू करावं, असं मला तरी ती वाचून वाटतं.

त्याहून मनोवेधक प्रयोग न्यू हेवनचा. येल विद्यापीठाशी जोडलेल्या तिथल्या हिस्पॅनिक क्लिनिकमधले मॅन्युएल पारिस, लुईस आन्येझ आणि कॅरोल यांच्या चमूने संगणकावरून घ्यायचा सात धड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. तलफ कशी ओळखायची, ती ओसरेपर्यंत काय करायचं, आग्रह करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे त्यात शिकवलेलं. ते भाषण देऊन शिकवलेलं नाही, तर टेलिनोव्हेलाच्या रूपात. लॅटिन अमेरिकेत आजीपासून नातवापर्यंत सगळे मिळून बघतात त्या कौटुंबिक मालिकेच्या घाटात, एका धड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या पात्रांच्या गोष्टीतून. इंग्रजी अभ्यासक्रमाचं नुसतं भाषांतर त्यांना सहज करता आलं असतं. त्यांनी गोष्टच नव्याने रचली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९२ जण होते. नेहमीच्या उपचाराला या मालिकेची जोड मिळालेल्यांची नशा आठ आठवड्यांत नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त घटली, आणि पुढच्या सहा महिन्यांतही तो फरक टिकला.

मालिकेत घर दाखवायचं कारण उघड आहे. तीन तासांचा गट संपला की पेशंट घरीच जातो. शेजारच्या खोलीत बिअर पिणारा भाऊ असतो, रविवारी चर्चनंतर अख्खा गोतावळा जमतो, तिथे ग्लास नाकारणं म्हणजे यजमानाला नाकारणं. बायकोला नवऱ्याची लाज वाटते आणि ती लाज लपवण्यात तिची सगळी ताकद जाते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनींच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. तो का लागतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना अमेरिकेतल्या लॉरेन्स किंवा होल्योकसारख्या लॅटिनो वस्तीच्या गावांतल्या बायकांची कुचंबणा वेगळी सांगायला नको. तिथे आणखी एक गुंता असतो. मुलं इंग्रजीत वाढलेली, आईबापांशी तुटक स्पॅनिश बोलणारी. कुटुंबाला एकत्र बसवलं की मुलगा संतापून इंग्रजीत बोलतो, बाप स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. दोन्ही भाषा कळणारा माणूस समोर नसेल, तर दोघं एकमेकांना काय म्हणाले हे समुपदेशकाच्याही हाती लागत नाही.

आणि भीती. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात अमली पदार्थांचं व्यसन असणं हेच, गुन्हा शाबीत झालेला नसतानाही, परक्या नागरिकाला देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. दुसऱ्या बाजूला, १९७० च्या दशकातले कायदे व्यसनोपचाराच्या नोंदी इतर वैद्यकीय नोंदींपेक्षाही कडक गुप्ततेत ठेवायला लावतात. पेशंटच्या लेखी संमतीविना किंवा कोर्टाच्या खास आदेशाविना त्या सहसा बाहेर जात नाहीत. पहिल्या कायद्याची बातमी वस्तीत आपोआप पसरते, दुसरा कुणीतरी बसून सांगावा लागतो. फॉर्मवर सही घेण्याआधी पाच मिनिटं देऊन तो स्पॅनिशमध्ये सांगणं हे मी उपचारातलंच पाऊल मानतो.

विश्वासाने उपचार घेता येईल अशी जागा नसली की ती पोकळी दुसरं कुणीतरी भरतं. पोर्तो रिकोहून हेरॉइनचे व्यसनी विमानाने शिकागो आणि फिलाडेल्फियाला पाठवले जात असल्याचं २०१५ पासून पत्रकारांनी उघड केलं. पाठवणाऱ्यांत बेटावरच्या सरकारी यंत्रणेतलेही लोक होते. तिकडे पोहण्याचा तलाव आहे, डॉक्टर आहेत, अशी आश्वासनं. प्रत्यक्षात बिनपरवान्याच्या घरांत दाटीवाटीने गाद्या टाकलेल्या, डॉक्टर नाही, औषध नाही. उपचार म्हणून माणसाला मधोमध बसवून सगळ्यांनी त्याच्यावर ओरडायचं. काहींची ओळखपत्रंही काढून घेतली गेली. तिथून बाहेर पडलेला माणूस अनोळखी शहरात, इंग्रजीचा गंध नसताना, थंडीत रस्त्यावर. फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टनमध्ये असे किती तरी जण पोहोचले. जनावरांना गुंगी आणणारं झायलझिन हेरॉइनमध्ये मिसळलं जाणं आणि त्यातून चिघळणाऱ्या जखमा हे पोर्तो रिकोने २००० नंतरच्या वर्षांतच पाहिलं होतं. फिलाडेल्फियाला ते संकट मागाहून कळलं. स्पॅनिशमध्ये ऐकणारे कान आणखी असते, तर ते कदाचित लवकर कळलं असतं.

मग खरी द्विभाषिक केंद्रं कमी का? माणसं मिळत नाहीत म्हणून. दोन्ही भाषा येणारा, परवाना असलेला समुपदेशक खासगी दवाखान्यात जास्त कमावतो. जो टिकतो त्याला स्वतःचा गट सांभाळून दिवसभर 'जरा इकडे ये, हा काय म्हणतोय बघ' अशा हाका येतात. त्या कामाची कुठे नोंद नसते, पगारात भर नसते, आणि काही वर्षांत तोही थकून निघून जातो. भाषेच्या कामाचा वेगळा भत्ता, बऱ्या झालेल्यांना प्रशिक्षण देऊन पगारी साथी म्हणून नेमणं, पदवीच्या अभ्यासक्रमातच स्पॅनिशमधून समुपदेशन शिकवणं, हे सगळं करता येण्यासारखं आहे आणि काही ठिकाणी केलंही जातं. पैसा मात्र सरकारी धोरणावर हलतो. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा जाहीर केलं आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून क्लिंटन यांनी २००० साली काढलेला आदेश मागे घेतला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि कलम १५५७ जागेवर आहेत. केंद्रांना आता त्यांच्याच आधारावर अनुदान मागावं लागेल, प्रसंगी कोर्टात जावं लागेल. कॅलिफोर्नियाच्या ऑक्सनार्डमध्ये स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणारे मिश्तेको मजूर तर स्पॅनिशही दुसरी भाषा म्हणूनच बोलतात. त्यांच्यासाठी मिश्तेको जाणणारी माणसं तयार करण्याचं काम तिथल्या स्थानिक संस्थांनी हातात घेतलं आहे, आणि त्यांनाही याच पैशाची गरज आहे.