मैदानावर मूल स्वतःला कसे जोखते?

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यातील सहा वर्षांच्या एखाद्या मुलास 'तू किती जोरात धावतोस?' असे विचारावे. 'सर्वांत जोरात' हेच उत्तर बहुधा मिळेल. शर्यतीत तो शेवटून दुसरा आलेला असला तरीही! ही फुशारकी नव्हे. या वयात मूल स्वतःला कालच्या स्वतःशी ताडून पाहते आणि जो अधिक धडपडतो तोच अधिक चांगला, असे मानते. प्रयत्न आणि क्षमता या दोन भिन्न गोष्टी होत, हे साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी नीट उमगते, असे मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी 1978 साली दाखवून दिले.

उमगल्यावर मात्र हिशेब उलटतो. 'मी दुप्पट मेहनत केली तरी तो पुढे गेला, म्हणजे माझ्यातच उणे आहे,' असा निष्कर्ष मूल मनाशी काढते. खो-खोच्या संघात आपली निवड कितवी झाली, कबड्डीत चढाईला कोणाला पाठवले, यावरून ते स्वतःची किंमत ठरवते, आणि पुष्कळ मुले याच सुमारास मैदानाकडे पाठ फिरवतात.

वस्तुतः हे मापच अनेकदा खोटे असते. एकाच वर्षी जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुले 14 वर्षांखालील एकाच गटात उतरतात. त्या वयात अकरा महिन्यांनी उंची, दम, ताकद सारेच बदलते. कॅनडातील आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षारंभी जन्मलेल्यांचाच भरणा असल्याचे रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांनी 1985 साली नोंदवले होते. काटा शून्यावर आणल्याखेरीज माल तोलू नये, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. मूल तोलताना तेवढी दक्षता क्वचितच दिसते.

त्यात घरातील बोलण्याची भर पडते. 'आपल्या घराण्यात खेळाडू कोण झालाय?' हा जेवताना केलेला विनोद लहान मुलास निकालासारखा ऐकू येतो. उलटपक्षी, सोप्या गोष्टीस दिलेली मोठी शाबासकी जाणत्या मुलास 'तुझ्याकडून एवढीच अपेक्षा होती' असे सुचवून जाते.

शिवाय शाळेतील शंभर मीटरची धाव म्हणजे संपूर्ण क्रीडाक्षमता नव्हे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, ते दहा हजार मीटरमध्ये. असा दम शंभर मीटरवर कोणास दिसणार? मूल मैदानातून परतले की 'कितवा आलास?' या प्रश्नाआधी 'गेल्या आठवड्यात जमत नव्हते असे आज काय जमले?' हे विचारता येते. त्याचे उत्तर देण्यास मुलास थोडा वेळ लागतो, तेवढा द्यावा.